विश्लेषण : अंतराळ उणे २७० अंश, तरी संगणक तापतो कसा?

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारी डेटा सेंटर थेट पृथ्वीच्या कक्षेत उभारण्याच्या घोषणा २०२५पासून एकामागून एक होत आहेत. ‘वर ऊन फुकट आणि थंडीही फुकट’ असे त्यामागचे गणित सांगितले जाते. यातला उन्हाचा भाग बराचसा खरा आहे. थंडीचा भाग मात्र फसवा आहे. निर्वात पोकळीत संगणक थंड ठेवणे हे जमिनीवरच्यापेक्षा अवघड काम आहे आणि अंतराळयाने बनवणारे अभियंते जवळपास सात दशके त्याच्याशी झुंजत आहेत. हा प्रश्न नेमका काय, तो कसा सोडवला जातो आणि आपल्या विजेशी-पाण्याशी त्याचा संबंध काय, याचा हा आढावा.

चर्चा आताच का?

अमेरिकेतील ‘स्टारक्लाउड’ या नवउद्यमी कंपनीने नोव्हेंबर २०२५मध्ये सुमारे ६० किलो वजनाचा एक उपग्रह सोडला. त्यात ‘एनव्हिडिया’ची एच-१०० ही चिप होती. एआयच्या डेटा सेंटरमध्ये हजारोंच्या संख्येने वापरली जाते, तीच ही चिप. त्याच सुमारास ‘गूगल’ने ‘प्रोजेक्ट सनकॅचर’ जाहीर केला. त्यात कंपनीच्या स्वतःच्या एआय चिप बसवलेले दोन प्रायोगिक उपग्रह २०२७च्या सुरुवातीपर्यंत सोडण्याची योजना आहे. चीनमधून मे २०२५मध्येच कक्षेत गणनाचे काम करणारे १२ उपग्रह सोडण्यात आले. पुढे अशा २,८०० उपग्रहांचे जाळे विणण्याचा बेत आहे. ‘अॅमेझॉन’चे संस्थापक जेफ बेझोस यांनीही येत्या १० ते २० वर्षांत गिगावॅट क्षमतेची डेटा सेंटर अंतराळात उभी राहतील, असे भाकीत ऑक्टोबर २०२५मध्ये केले.

या उत्साहामागे एक खरीखुरी अडचण आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जगभरातील डेटा सेंटरनी २०२४मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. २०३०पर्यंत हा आकडा ९४५ अब्ज युनिटच्या आसपास जाईल, असे ही संस्था सांगते. एवढी वीज आणायची कुठून आणि तिच्यातून निघणारी उष्णता टाकायची कुठे, असे हे दोन प्रश्न आहेत. कक्षेत पहिल्या प्रश्नाचे उत्तर सूर्य देतो. दुसऱ्या प्रश्नावर मात्र बहुतेक घोषणांमध्ये एका वाक्यापलीकडे काही नसते.

संगणक मुळात तापतो का?

संगणक जेवढी वीज घेतो, जवळपास तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. पंख्याच्या विजेतून वारा मिळतो, दिव्याच्या विजेतून उजेड मिळतो. चिपमध्ये मात्र अब्जावधी ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात आणि त्यात खर्च झालेली वीज शेवटी उष्णताच होते. एच-१०० या चिपच्या सर्वात ताकदवान आवृत्तीला ७०० वॅटपर्यंत वीज लागते. म्हणजे तळहाताएवढ्या जागेतून जवळपास एका इस्त्रीएवढी उष्णता सतत बाहेर काढावी लागते. ती निघाली नाही, तर चिप आधी स्वतःचा वेग कमी करते, मग बंद पडते. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला मोबाइल हेच करतो.

उष्णता एका जागेवरून दुसरीकडे जाण्याचे तीन मार्ग शाळेत शिकवले जातात : वहन, अभिसरण आणि प्रारण. चहात बुडवलेल्या चमच्याची दांडी तापते, ते वहन. पातेल्यातले तापलेले पाणी वर येते आणि थंड पाणी खाली जाते, ते अभिसरण. शेकोटीसमोर बसल्यावर मधली हवा थंड असूनही तोंडाला धग लागते, ते प्रारण. जमिनीवरच्या संगणकात पहिले दोन मार्ग जवळपास सगळे काम करतात. चिपची उष्णता वहनाने धातूच्या पट्ट्यांत येते आणि पंख्याची हवा किंवा नळीतले पाणी ती वाहून नेते. तिसरा मार्गही असतो. पण इतर दोघांपुढे त्याचा वाटा किरकोळ असल्याने त्याकडे कोणी लक्ष देत नाही. निर्वातात शेवटी हा तिसरा मार्गच उरतो.

अंतराळ थंड असूनही उष्णता का जात नाही?

याचे उत्तर घरातल्या थर्मासमध्ये आहे. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२मध्ये दुहेरी भिंतीची बाटली बनवली आणि दोन भिंतींमधली हवा काढून टाकली. मध्ये काहीच नसल्याने उष्णता वाहून नेणारे कोणी राहिले नाही. थर्मासमधला चहा तासन् तास गरम राहतो तो या पोकळीमुळे. अंतराळात गेलेला संगणक अशाच एका प्रचंड थर्मासमध्ये बसलेला असतो.

मग ‘उणे २७० अंश’ हा आकडा कुठून आला? विश्वात सर्वत्र भरून राहिलेल्या पार्श्वभूमी प्रारणाचे तापमान २.७ केल्विन, म्हणजे साधारण उणे २७० अंश सेल्सिअस आहे. सूर्य, पृथ्वी, चंद्र या सगळ्यांकडे पाठ करून काळ्या आकाशाकडे तोंड केलेली वस्तू शेवटी त्या तापमानाच्या दिशेने थंड होत जाईल, एवढाच या आकड्याचा अर्थ. पौषातल्या पहाटे बोचरी हवा अंगातली ऊब ओढून घेते, तशी ओढून घेणारी हवाच तिथे नाही.

शिवाय पृथ्वीजवळच्या कक्षेत ऊनही कडक असते. तिथे सूर्यासमोरच्या दर चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॅट ऊर्जा पडते. पृथ्वीवरून परतणारा सूर्यप्रकाश आणि पृथ्वीची स्वतःची धग वेगळी. त्यामुळे एकाच उपग्रहाची एक बाजू भाजत असते आणि दुसरी गोठत असते.

हवा नुसती विरळ झाली तर?

याचे उत्तम उदाहरण चिलीतील अटाकामा वाळवंटात आहे. तिथे सुमारे ५,००० मीटर उंचीवर ‘अल्मा’ ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या डझनावारी अँटेनांकडून येणारे संकेत एकत्र करणारा महासंगणक तिथेच बसवला आहे. त्या उंचीवर हवा इतकी विरळ आहे की त्याला थंड ठेवण्यासाठी नेहमीच्या दुप्पट हवा खेळवावी लागते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्कही तिथे वापरता येत नाही, कारण अशा डिस्कचे वाचन करणारे टोक तबकडीवर हवेच्या अतिशय पातळ उशीवर तरंगत असते. उशी विरळ झाली की टोक तबकडीला घासणार.

हवा पूर्णच गेली, तर पंखा निव्वळ शोभेचा उरतो. आणखी एक अडचण सहसा लक्षात येत नाही. दोन धातूंचे पत्रे एकमेकांवर घट्ट बसवले तरी सूक्ष्म पातळीवर ते काही ठिकाणीच टेकतात. मधल्या फटींतली हवा जमिनीवर थोडीफार उष्णता पलीकडे नेते. निर्वातात तीही मदत जाते. म्हणून अंतराळातील यंत्रांत चिप आणि तिच्याखालचा धातू यांच्यामध्ये खास भरण घालावी लागते. निर्वातात वाफ सोडून जवळच्या भिंगांवर थर जमवणारी साधी पेस्ट त्यासाठी चालत नाही.

मग उष्णता बाहेर जाते कशी?

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकत असते. हे प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. केल्विनमध्ये मोजलेले तापमान दुप्पट झाले, तर बाहेर जाणारी उष्णता १६ पट होते. स्टीफन-बोल्ट्झमन नियम म्हणून भौतिकशास्त्रात हे शिकवले जाते.

आता आकडे पाहू. चांगला काळा किंवा खास पांढरा लेप दिलेला एक चौरस मीटर पत्रा २७ अंश सेल्सिअसला सुमारे ४१० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ५० अंशांना हा आकडा ५५०च्या पुढे जातो आणि १०० अंशांना ९९०च्या आसपास. हे एका बाजूचे झाले. पत्र्याच्या दोन्ही बाजू काळ्या आकाशाकडे असतील तर दुप्पट. तुलनेसाठी, सेकंदाला एक लिटर पाणी नळीतून गेले आणि अवघे १० अंशांनी तापले, तरी ते सुमारे ४२ किलोवॅट उष्णता घेऊन जाते. एवढी उष्णता प्रारणाने घालवायची तर ५० अंशांवरचा, एकाच बाजूने उष्णता टाकणारा पत्रा ७५ चौरस मीटरचा लागेल.

निर्वातात संगणक थंड ठेवता येतोच. त्यासाठी जागा मोठी लागते. अंतराळात जागेला तोटा नाही. पण तिथे पत्रा नेण्याचे पैसे किलोवर मोजावे लागतात.

आजवरच्या यानांनी काय केले?

पहिला मार्ग म्हणजे हवाच सोबत नेणे. सोव्हिएत संघाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडलेल्या स्पुटनिक-१ या पहिल्या कृत्रिम उपग्रहात कोरडा नायट्रोजन भरलेला होता. आतले तापमान ३६ अंशांच्या वर गेले की एक छोटा पंखा सुरू होई आणि तो वायू आत फिरवून उष्णता गोलाच्या धातूच्या कवचापर्यंत पोहोचवी. तिथून पुढे मात्र प्रारणच.

दुसरा मार्ग पाणी खर्च करण्याचा. अपोलो मोहिमांतील मार्गदर्शक संगणक थंड धातूच्या पट्टीवर बसवलेला होता आणि त्या पट्टीतून पाणी-ग्लायकॉलचे मिश्रण फिरत असे. चंद्रावर उतरणाऱ्या यानात ही उष्णता शेवटी बर्फाला दिली जाई. सच्छिद्र धातूच्या पृष्ठभागावर पाणी गोठे आणि त्या बर्फाची थेट वाफ होऊन ती बाहेर जाई. पद्धत हलकी आणि प्रभावी. पण सोबतचे पाणी संपले की थंडावा संपला. काही दिवसांच्या मोहिमेला ती चालते, वर्षानुवर्षे चालणाऱ्या संगणकाला नाही.

आजचे बहुतेक उपग्रह तिसरा मार्ग वापरतात. चिपचा डबा थेट उपग्रहाच्या भिंतीवर कसून बसवतात. त्या भिंतीत उष्णतानलिका असतात. बंद नळीत थोडा अमोनिया असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा द्रव होते आणि नळीच्या आतल्या बारीक खाचांमधून आपोआप परत येते. पंप नाही, हलता भाग नाही. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला आरशासारख्या फरश्या असतात. त्या सूर्यप्रकाश परतवतात आणि आतली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर सोडतात. उरलेल्या अंगावर सोनेरी-चंदेरी पापुद्र्यांचे पांघरूण असते. बेंगळूरुतील यू. आर. राव उपग्रह केंद्रात उपग्रह सोडण्याआधी मोठ्या निर्वात कक्षात ठेवून आलटून पालटून तापवला आणि गारठवला जातो, तो याच व्यवस्थेची परीक्षा घेण्यासाठी.

भारताला याचा चटका कधी बसला?

चांद्रयान-१च्या वेळी. हे यान २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघाले आणि नोव्हेंबरच्या अखेरीस त्याच्या आतले तापमान ५० अंशांपर्यंत चढल्याचे ‘इस्रो’ने सांगितले. चंद्राभोवती अवघ्या १०० किलोमीटरवरून फिरणाऱ्या यानाला वरून सूर्याचे ऊन आणि खालून तापलेल्या चंद्रभूमीची धग, असे दोन्हीकडून भाजले जात होते. पंखा वाढवणे, खिडकी उघडणे असा कोणताही उपाय हाताशी नव्हता. अभियंत्यांनी यान सुमारे २० अंशांनी वळवले आणि काही उपकरणे बंद ठेवली, तेव्हा तापमान १० अंशांनी उतरले. उष्णता टाकणारी बाजू कुठे वळली आहे आणि आत किती वीज जळते आहे, एवढ्या दोनच गोष्टी अशा वेळी माणसाच्या हातात असतात.

उलट संकटही तितकेच खरे. चांद्रयान-३चे विक्रम आणि प्रज्ञान सप्टेंबर २०२३मध्ये चंद्राच्या रात्रीआधी निद्रिस्त करण्यात आले, ते पुन्हा जागे झाले नाहीत. उष्णता घालवण्याइतकीच ती राखण्याचीही सोय यानात लागते.

अंतराळ स्थानकात तर माणसे राहतात, तिथे कसे भागते?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या आत हवा असल्याने पंखे चालतात. मात्र गुरुत्वाकर्षण जाणवत नसल्याने गरम हवा आपोआप वर जात नाही. पंखा थांबला तर लॅपटॉपच्या भोवती त्याचीच गरम हवा साचून राहते. आतली उष्णता आधी पाण्याच्या नळ्यांत येते आणि तिथून बाहेरच्या अमोनियाच्या नळ्यांत जाते. पाणी आत, कारण अमोनिया माणसाला घातक. अमोनिया बाहेर, कारण तो उणे ७७ अंशांपर्यंत गोठत नाही.

हा अमोनिया सहा मोठ्या रेडिएटरमधून फिरतो. प्रत्येक रेडिएटर सुमारे २३ मीटर लांब, ३.४ मीटर रुंद आणि एक टनाहून थोडा जड. या सगळ्या पसाऱ्याची उष्णता घालवण्याची क्षमता ७० किलोवॅट आहे. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

२०१७मध्ये ‘हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ’ने बाजारात मिळणारेच सर्व्हर या स्थानकात पाठवले. ते वर्षभराहून अधिक काळ चालले. त्यामुळे साधे सर्व्हरही अंतराळात काम करतात, हे सिद्ध झाले. पण त्यांना थंडावा मिळत होता तो स्थानकाच्या पाण्याच्या नळ्यांतून. म्हणजे रेडिएटरचा खर्च आधीच कोणीतरी केलेला होता.

व्यवस्था बिघडली तर?

३१ जुलै २०१० रोजी स्थानकाच्या अमोनियाच्या दोन वर्तुळांपैकी एकाचा पंप बंद पडला. थंड करण्याची निम्मी क्षमता गेली आणि अनेक उपकरणे बंद ठेवावी लागली. डग्लस व्हीलॉक आणि ट्रेसी कॉल्डवेल डायसन या अंतराळवीरांनी तीनदा बाहेर जाऊन सुमारे ३५० किलोचा पंप बदलला, तेव्हा गाडे रुळावर आले.

त्याहून बोलके उदाहरण डिसेंबर २०२२मधले आहे. स्थानकाला जोडलेल्या रशियाच्या सोयूझ एमएस-२२ यानाच्या रेडिएटरच्या नळीला एक मिलिमीटरहूनही लहान भोक पडले आणि थंड करणारा द्रव फवाऱ्यासारखा बाहेर उडून गेला. सूक्ष्म उल्केचा हा फटका असावा, असा निष्कर्ष रशियाने काढला. थंडावा नसलेल्या यानातून परतताना आतले तापमान आणि दमटपणा धोक्याच्या पातळीवर जाईल, या भीतीने तिघा अंतराळवीरांना त्यातून आणले गेले नाही. दुसरे यान रिकामे वर पाठवावे लागले. सर्गेई प्रोकोप्येव, दिमित्री पेतेलिन आणि फ्रँक रुबिओ यांचा सुमारे सहा महिन्यांचा मुक्काम ३७१ दिवसांवर गेला.

स्थानकात दुरुस्तीला माणसे होती. कक्षेतल्या डेटा सेंटरमध्ये कोणी नसेल. रेडिएटर जितका मोठा, तितके त्यावर काहीतरी आदळण्याची शक्यता जास्त.

एआयचा एक रॅक वर नेला तर काय होईल?

‘एनव्हिडिया’च्या ७२ चिप एकत्र बसवलेल्या अलीकडच्या एका रॅकला सुमारे १२० किलोवॅट वीज लागते. हा रॅक घरातल्या कपाटाएवढा असतो. म्हणजे अख्ख्या अंतराळ स्थानकाची ७० किलोवॅटची थंड करण्याची क्षमता या एका कपाटालाही पुरणार नाही.

त्यासाठी रेडिएटर केवढा लागेल? तो सरासरी ५० अंशांवर ठेवला, दोन्ही बाजू मोकळ्या आकाशाकडे राहिल्या आणि त्यावर ऊन अजिबात पडले नाही, असे धरले तर सुमारे १०८ चौरस मीटर. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३० चौरस मीटरचे असते. पृथ्वीची धग आणि झीज धरली, तर एका कपाटामागे एक कबड्डीचे मैदान हा हिशेब वावगा ठरू नये.

एक कपाट म्हणजे डेटा सेंटर नव्हे. एक गिगावॅटसाठी याच आदर्श हिशेबाने सुमारे नऊ लाख चौरस मीटरचा रेडिएटर लागतो. दादरच्या शिवाजी पार्कसारखी आठ मैदाने एकमेकांना जोडल्यावर होईल एवढा. तो अंतराळ स्थानकावरच्या रेडिएटरसारखाच बनवला, तर एकट्या रेडिएटरचे वजन १२ हजार टनांच्या पुढे जाते. अख्खे अंतराळ स्थानक सुमारे ४२० टनांचे आहे आणि ते जोडायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

मग ही कल्पना अशक्य आहे का?

तसे म्हणता येणार नाही. याच हिशेबात कल्पनेच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. १२० किलोवॅट वीज देणारे सौर पॅनेल ३०० चौरस मीटरच्या घरात जाते. म्हणजे रेडिएटर मोठा असला तरी सौर पॅनेलपेक्षा लहानच राहतो. पहाट आणि संध्याकाळ यांच्या सीमारेषेवरून जाणारी कक्षा निवडली, तर सूर्य जवळपास कायम एकाच बाजूला राहतो. मग पॅनेल सूर्याकडे आणि रेडिएटरची फक्त कड सूर्याकडे, अशी रचना करता येते.

रेडिएटर लहान करण्याचा दुसरा उपाय म्हणजे तो अधिक गरम ठेवणे. ५० ऐवजी १०० अंशांवर चालवला, तर चौथ्या घाताच्या कृपेने जागा जवळपास निम्म्यावर येते. पण रेडिएटर १०० अंशांचा तर चिप त्याहून गरम असणार, आणि आजच्या चिपची सहनशक्ती साधारण तिथेच संपते. मध्ये उष्णता वर ढकलणारा पंप, म्हणजे फ्रिजसारखी यंत्रणा घातली, तर तिला वेगळी वीज लागते आणि ती वीजही शेवटी उष्णता होऊन त्याच रेडिएटरवर येते.

म्हणूनच ‘गूगल’चा आराखडा एका महाकाय केंद्राऐवजी जवळजवळ उडणाऱ्या अनेक लहान उपग्रहांचा आहे. प्रत्येकाची उष्णता थोडी आणि प्रत्येकाचा रेडिएटर आपापला. त्यासाठी उपग्रह कक्षेत नेण्याचा खर्च किलोमागे २०० डॉलरपर्यंत खाली यावा लागेल आणि तो २०३०च्या दशकाच्या मध्यावर येऊ शकेल, असे कंपनीच्या शास्त्रज्ञांचे गृहीतक आहे. आजचा दर त्याच्या कित्येक पट आहे. भारित कणांचा मारा, दुरुस्तीची अडचण आणि काही वर्षांत जुन्या होणाऱ्या चिप हे प्रश्न याहून वेगळे.

कक्षेतच गोळा झालेल्या माहितीवर तिथेच काम करणे मात्र आजही पटण्यासारखे आहे. पृथ्वीची छायाचित्रे काढणाऱ्या उपग्रहाने ढगांनी झाकलेली चित्रे वरच टाकून दिली आणि पुराची किंवा वणव्याची तेवढी खाली पाठवली, तर काही शे वॅटचा संगणक पुरतो. त्याची उष्णता उपग्रहाची भिंत सहज घालवू शकते.

जमिनीवरचा थंडावा तरी फुकट आहे का?

अजिबात नाही आणि महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध इथे येतो. देशातील डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी सर्वात मोठा वाटा मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात आहे. समुद्राखालच्या केबल इथे किनाऱ्याला लागतात, वीज तुलनेने भरवशाची आहे आणि ग्राहक जवळ आहेत. ऐरोली, रबाळे, महापे परिसरात जुन्या कारखान्यांच्या जागी आता बिनखिडक्यांच्या उंच इमारती दिसतात, त्यातल्या अनेक डेटा सेंटरच्या आहेत.

जमिनीवर उष्णता घालवण्याचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे पाण्याची वाफ करणे. माठ याच तत्त्वावर चालतो. एक मेगावॅट उष्णता पूर्णपणे पाण्याची वाफ करून घालवायची, तर दिवसाला सुमारे ३६ हजार लिटर पाणी उडून जाते. म्हणजे १० हजार लिटरचे साडेतीन टँकर. १०० मेगावॅटच्या केंद्राला याच हिशेबाने दिवसाला ३६ लाख लिटर लागेल. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर या निकषाने हे सुमारे २६ हजार लोकांचे पाणी झाले. पाणी न वापरता नुसत्या हवेवर चालणारी यंत्रणाही असते आणि अनेक केंद्रे ती वापरतात. पण मग तेवढी वीज जास्त लागते आणि कोकणातल्या दमट उन्हाळ्यात हा फरक आणखी जाणवतो. पाणी वाचवा आणि वीज जाळा, किंवा वीज वाचवा आणि पाणी उडवा, असा हा पेच आहे.

‘मायक्रोसॉफ्ट’ने २०१८मध्ये नेमका उलटा प्रयोग करून पाहिला होता. स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांपाशी ८६४ सर्व्हर भरलेली नायट्रोजनयुक्त टाकी समुद्रतळाशी ठेवली आणि दोन वर्षांनी बाहेर काढली. समुद्राचे थंड पाणी उष्णता झटकन ओढून घेत होते आणि सर्व्हर बिघडण्याचे प्रमाण जमिनीवरच्या तुलनेत आठव्या हिश्शाइतकेच निघाले. तरीही कंपनीने तो मार्ग पुढे नेला नाही. यंत्र चालले म्हणजे धंदा जमला, असे होत नाही. अंतराळातल्या डेटा सेंटरलाही ही कसोटी लागणारच.

वाचकांनी आणि सरकारने काय पाहावे?

अंतराळातल्या डेटा सेंटरची पुढची घोषणा येईल, तेव्हा तीन आकडे शोधावेत : किती किलोवॅट उष्णता घालवणार, रेडिएटर किती चौरस मीटरचा आणि त्याचे वजन किती. हे तीन आकडे दिलेले असतील, तर ती योजना आहे. ‘अंतराळ थंड असते’ एवढ्यावरच भागवले असेल, तर ती जाहिरात आहे.

एक गिगावॅटचे केंद्र कक्षेत फिरू लागेपर्यंत बराच काळ जाईल. इथली केंद्रे मात्र आज उभी राहत आहेत आणि त्यांचे नळ व वीजजोडण्या पुढची २०-२५ वर्षे चालणार आहेत. म्हणून ‘उद्या हे सगळे वर जाणारच आहे’ हे आजचे निर्णय लांबवण्याचे कारण होऊ नये. प्रत्येक मोठ्या डेटा सेंटरने वर्षाला किती वीज आणि किती पाणी वापरले, हे जाहीर करणे बंधनकारक करता येईल. पिण्याच्या पाण्याऐवजी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची अट परवानगी देतानाच घालता येईल. कोणत्या केंद्राने हवेवर चालावे आणि कोणत्याने पाण्यावर, हे त्या भागातल्या धरणाची स्थिती पाहून ठरवता येईल. यासाठी कोणत्याही रॉकेटची गरज नाही.